स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ: मराठी भाषकासाठी पायरीपायरीने

स्पॅनिश शिकू लागलेल्या माणसाला वर्तमानकाळ जितका दमवतो, तितका भविष्यकाळ दमवत नाही. वर्तमानकाळात ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’ असा शेवट असलेल्या क्रियापदांच्या तीन गटांना वेगवेगळे प्रत्यय लावावे लागतात, शिवाय अनेक क्रियापदांचे मधले स्वरही बदलतात. साध्या भविष्यकाळात मात्र तिन्ही गटांना एकच प्रत्ययमाला चालते आणि मूळ शब्दाची मोडतोड जवळजवळ होत नाही.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडत वाढलेल्या सोलापूरकराला आणखी एक भाषा शिकण्याचे भय सहसा वाटत नाही; त्याची अडचण वेगळी असते. बहुतेक ॲप आणि पुस्तके स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे विद्यार्थी मनातले मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि मग तेथून स्पॅनिशमध्ये आणतो. भविष्यकाळाच्या बाबतीत हा वळसा अनावश्यक तर आहेच, पण नुकसानकारकही आहे. इंग्रजीत भविष्यकाळासाठी क्रियापदाआधी वेगळा सहायक शब्द लागतो. मराठीत ‘करीन’, ‘करशील’, ‘करतील’ असे एकाच शब्दात काम होते आणि स्पॅनिशची रीत तीच आहे. मराठीचा वर्तमानकाळ ‘जातो’ आणि ‘जाते’ असा लिंगभेद पाळतो, पण ‘जाईन’ म्हणणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री हे त्या रूपावरून कळत नाही. स्पॅनिश भविष्यकाळातही ते कळत नाही. म्हणून या लेखात इंग्रजी बाजूला ठेवून मराठीचाच आधार घेतला आहे, आणि जेथे मराठी दगा देते त्या जागाही दाखवल्या आहेत.

आरंभीच एक सूचना करणे आवश्यक आहे. स्पॅनिश रोमन लिपीत लिहितात. येथे दिलेली देवनागरी रूपे केवळ उच्चारासाठी आहेत. प्रत्येक क्रियापद शब्दकोशात पाहून वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावे, कारण स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार सारखाच, ‘ब’ असा होतो आणि शब्दारंभीच्या ‘एच’चा उच्चारच होत नाही. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. हा शब्द लिहिताना ‘एच’पासून सुरू होतो, हे देवनागरीतून कळणार नाही.

पहिली पायरी: मूळ रूप अखंड ठेवणे

शब्दकोशात क्रियापदाचे जे रूप सापडते ते मूळ रूप होय. ‘कोम्प्रार’ म्हणजे विकत घेणे, ‘बेन्देर’ म्हणजे विकणे आणि ‘एस्क्रिबिर’ म्हणजे लिहिणे. ही तिन्ही नियमित क्रियापदे तीन गटांची प्रतिनिधी म्हणून पुरेशी आहेत. वर्तमानकाळ शिकताना शेवटचे ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ काढून टाकण्याची हाताला सवय लागलेली असते. ती सवय येथे मोडावी लागते, कारण भविष्यकाळाचा प्रत्यय पूर्ण मूळ रूपाला, म्हणजे शेवटच्या ‘र’ला, लागतो.

हा नियम वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. ‘कोम्प्रारे’ म्हणजे ‘मी विकत घेईन’. त्यातील ‘आर’ गळाला की ‘कोम्प्रे’ उरते आणि त्याचा अर्थ ‘मी विकत घेतले’ असा होतो. एका अक्षराच्या आळसाने भविष्यकाळाचा भूतकाळ होतो. टॉवेलांच्या व्यवहारात मेक्सिकोच्या ग्राहकाला ‘सूत घेईन’ आणि ‘सूत घेतले’ यांतील फरक किती महाग पडू शकतो, हे सोलापूरच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी: सहा प्रत्यय

प्रत्यय असे आहेत: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. ‘कोम्प्रार’ला ते लावून पाहू.

यो कोम्प्रारे: मी विकत घेईन
तू कोम्प्रारास: तू विकत घेशील
एल, एया, उस्तेद कोम्प्रारा: तो किंवा ती विकत घेईल, आपण विकत घ्याल
नोसोत्रोस कोम्प्रारेमोस: आम्ही किंवा आपण विकत घेऊ
बोसोत्रोस कोम्प्रारेइस: तुम्ही सगळे विकत घ्याल
एयोस, एयास, उस्तेदेस कोम्प्रारान: ते किंवा त्या विकत घेतील, आपण सर्व विकत घ्याल

‘बेन्देर’ची रूपे याच क्रमाने बेन्देरे, बेन्देरास, बेन्देरा, बेन्देरेमोस, बेन्देरेइस, बेन्देरान अशी होतात आणि ‘एस्क्रिबिर’ची एस्क्रिबिरे, एस्क्रिबिरास, एस्क्रिबिरा, एस्क्रिबिरेमोस, एस्क्रिबिरेइस, एस्क्रिबिरान अशी. सर्वनाम बहुतेक वेळा गाळले जाते, कारण प्रत्ययच कर्ता सांगतो. मराठीतही ‘उद्या येईन’ एवढे पुरते, ‘मी’ म्हणण्याची गरज पडत नाही. स्पॅनिश ‘तू’चा उच्चार आणि अर्थ दोन्ही मराठीसारखेच असल्यामुळे ते सर्वनाम पाठ करण्याचा प्रश्नच उरत नाही.

हे प्रत्यय कोठून आले, हे कळले तर पाठांतर आणखी सोपे होते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे ‘असणे, जवळ बाळगणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाची रूपे ठेवून भविष्याचा अर्थ साधू लागले आणि काळाच्या ओघात दोन शब्द जुळून एक झाले. ते सहायक क्रियापद आजच्या स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ या रूपात आहे आणि त्याचा वर्तमानकाळ ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन असा चालतो. पाचव्या रूपाचा आरंभ गळाला, एवढाच काय तो फरक. ज्याने ‘आबेर’ आधीच पाठ केले असेल त्याला भविष्यकाळाचे प्रत्यय फुकटच मिळतात.

आदरार्थी रूपांविषयी थोडे थांबायला हवे. मराठीत ‘तुम्ही’ हा शब्द आदरणीय एका व्यक्तीसाठीही चालतो आणि अनेकांसाठीही चालतो. स्पॅनिशमध्ये एका आदरणीय व्यक्तीसाठी ‘उस्तेद’ वापरतात आणि त्याचे क्रियापद ‘तो’ किंवा ‘ती’च्या रूपासारखे, म्हणजे तृतीय पुरुषी एकवचनी असते. आपले काका, शिक्षक किंवा गिऱ्हाईक यांना ‘तुम्ही घ्याल’ म्हणायचे असेल तर ‘कोम्प्रारा’ हे रूप वापरावे; ‘कोम्प्रारेइस’ वापरू नये. ‘बोसोत्रोस’ स्पेनमध्ये मित्रमंडळी आणि घरची माणसे यांच्यासाठी आहे. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी सर्वांसाठी ‘उस्तेदेस’ चालते. ज्याचा संबंध लॅटिन अमेरिकेशीच येणार आहे, त्याने पाचवे रूप ओळखण्यापुरते शिकले तरी भागते. उलट, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीचा बारीक भेद स्पॅनिशमध्ये नाही. ऐकणारा आपल्यात धरला आहे की नाही, हे संदर्भानेच कळते.

तिसरी पायरी: आघात

आघात म्हणजे शब्दातील एखाद्या अक्षरावर दिलेला जोर. मराठी भाषक सर्वांत जास्त येथे घसरतो. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे त्याकडे कानाचे लक्षच नसते. स्पॅनिश भविष्यकाळात आघात नेहमी ‘र’नंतर येणाऱ्या स्वरावर असतो: कोम्प्रा-रे, कोम्प्रा-रास, कोम्प्रा-रेमोस. आघात मागे सरकून ‘प्रा’वर पडला तर ‘कोम्प्रारा’ हे भविष्यकाळाचे रूप न राहता संशयार्थी भूतकाळाचे, म्हणजे ‘घेतले असते तर’ या प्रकारच्या वाक्यातले रूप होते. देवनागरीत ही दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात, म्हणूनच रोमन लिपीतले लेखन आणि तोंडाने म्हणण्याचा सराव टाळता येत नाही.

लिहिताना आघाताची तिरकी रेघ सहापैकी पाच प्रत्ययांच्या पहिल्या स्वरावर येते. ‘एमोस’वर येत नाही. हा अपवाद पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण समजून घ्यावे. स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ यांनी संपणाऱ्या स्पॅनिश शब्दात आघात नेमाने शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, आणि तसा तो असेल तर खूण करत नाहीत. ‘कोम्प्रारेमोस’मध्ये आघात ‘रे’वर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावरच आहे. उरलेल्या पाच रूपांत तो शेवटच्या अक्षरावर येतो, म्हणून खूण करावी लागते. ‘रेइस’ हे तेथे एकच अक्षर मानले जाते.

या रूपांतला ‘र’ दोन स्वरांमध्ये येतो आणि तो मराठी ‘र’सारखा एकदाच जिभेला लागतो. तो मुद्दाम घोळवण्याची आवश्यकता नाही.

चौथी पायरी: वाक्य बांधणे

नकारासाठी क्रियापदाआधी ‘नो’ ठेवावे: ‘नो बेन्देरे ला कासा’, म्हणजे ‘मी घर विकणार नाही’. मराठीत नकार देताना क्रियापदाचे रूपच बदलते. स्पॅनिशमध्ये ते जसेच्या तसे राहते. कर्माचे सर्वनाम क्रियापदाच्या आधी आणि ‘नो’च्या नंतर येते: ‘नो लो कोम्प्रारे’, म्हणजे ‘मी ते घेणार नाही’, ‘ते यामारे’, म्हणजे ‘मी तुला फोन करीन’. प्रश्नासाठी निराळे रूप लागत नाही. सूर बदलतो आणि लिहिताना आरंभी उलटे प्रश्नचिन्ह येते.

काळ सांगणारे काही शब्द जोडीला हवेत. ‘मान्याना’ म्हणजे उद्या, ‘ला सेमाना के ब्येने’ म्हणजे पुढच्या आठवड्यात, ‘एल लुनेस’ म्हणजे सोमवारी आणि ‘देन्त्रो दे दोस दियास’ म्हणजे दोन दिवसांनी. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो. स्पॅनिशमध्ये येणाऱ्या परवासाठी ‘पासादो मान्याना’ आणि गेलेल्या परवासाठी ‘आन्तेआयेर’ असे वेगळे शब्द आहेत.

एवढ्या सामग्रीवर पुष्कळ बोलता येते. ‘एन एनेरो बिसितारेमोस ला फेरिया दे सिद्धेश्वर’, म्हणजे जानेवारीत आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याला भेट देऊ. ‘मान्याना कोमेरे भाकरी कोन चटणी दे मानी’, म्हणजे उद्या मी शेंगाचटणीशी भाकरी खाईन. शेंगदाण्याला ‘मानी’ हा शब्द दक्षिण अमेरिकेत चालतो, स्पेनमध्ये ‘काकाउएते’ म्हणतात. भाकरी आणि चटणी या शब्दांचे भाषांतर करण्याचा खटाटोप करू नये.

पाचवी पायरी: कोणता भविष्यकाळ केव्हा

साध्या भविष्यकाळाशिवाय स्पॅनिशमध्ये भविष्याबद्दल बोलण्याच्या आणखी दोन रीती आहेत आणि दोन्हींना मराठीत जोड सापडतो. ‘मी उद्या पुण्याला जाणार आहे’ असा ठरलेला बेत सांगताना ‘बोय आ’ आणि पुढे मूळ रूप अशी रचना करतात: ‘बोय आ कोम्प्रार’, म्हणजे ‘मी विकत घेणार आहे’. पुरुषाप्रमाणे ती बोय आ, बास आ, बा आ, बामोस आ, बाइस आ, बान आ अशी चालते. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, हीच रचना अधिक ऐकू येते. तिसरी रीत म्हणजे नुसता वर्तमानकाळ. सोलापूरकर ‘उद्या येतो की’ असे म्हणतो तेव्हा रूप वर्तमानाचे आणि अर्थ भविष्याचा असतो. काळाचा शब्द जोडीला असेल तर स्पॅनिशमध्येही हे निःसंकोच चालते.

मग साधा भविष्यकाळ कशासाठी उरतो? वचन, भाकीत, औपचारिक पत्रे व सूचना, आणि अंदाज यांसाठी. व्यापारी पत्रात ‘रेसिबिरा लास मुएस्त्रास ला सेमाना के ब्येने’, म्हणजे ‘आपणांस नमुने पुढच्या आठवड्यात मिळतील’, असे लिहिणे योग्य आणि सभ्य ठरते. वचनाशी या काळाचे नाते किती घट्ट आहे, याची खूण बँकेच्या भाषेतही आहे: ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, ‘पागारे’ म्हणजे ‘मी पैसे देईन’, आणि हाच ‘पागारे’ शब्द स्पॅनिशमध्ये वचनचिठ्ठीचे नाव म्हणून वापरला जातो.

अंदाजाचा वापर मराठी भाषकाला जवळजवळ आयता मिळतो, आणि इंग्रजीतून शिकणारा नेमका तेथेच अडखळतो. दारावर थाप पडली की आपण ‘कोण असेल?’ म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘क्येन सेरा?’ म्हणतो. ‘किती वाजले असतील?’ म्हणजे ‘के ओरा सेरा?’ आणि ‘दहा वाजले असतील’ म्हणजे ‘सेरान लास द्येस’. ‘तो घरी असेल’ म्हणजे ‘एस्तारा एन कासा’. यांपैकी एकाही वाक्यात गोष्ट भविष्यातली नाही. ती आत्ताची आहे, फक्त बोलणाऱ्याला खात्री नाही. मराठीत ज्या वाक्यात ‘असेल’ सहज तोंडी येते, तेथे स्पॅनिशमध्येही भविष्यकाळ बेधडक वापरावा. एकच काळजी घ्यावी लागते: कोण, काय किंवा किती वाजले असे विचारताना ‘सेर’ हे क्रियापद आणि कोठे आहे हे सांगताना ‘एस्तार’ हे क्रियापद लागते. मराठी ‘असेल’ दोन्हींना पुरतो.

मराठी जेथे फसवते

पहिली फसवणूक विनंतीत होते. ‘मला जरा मदत करशील का?’ हे मराठीत सौम्य वाटते, म्हणून विद्यार्थी भविष्यकाळ वापरून मोकळा होतो. स्पॅनिश ऐकणाऱ्याला ते पुढे कधीतरी मदत करण्याबद्दलचे विचारणे वाटते. तेथे साधा वर्तमानकाळच योग्य आहे: ‘मे आयुदास?’

दुसरी फसवणूक ‘जेव्हा’ आणि ‘तर’ यांची आहे, आणि ती अधिक चिवट आहे. ‘गाडी येईल तेव्हा फोन करीन’ या मराठी वाक्यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत, तर ‘गाडी आली की फोन करीन’ यात पहिले भूतकाळी आहे. स्पॅनिशमध्ये ‘कुआन्दो’ने, म्हणजे ‘जेव्हा’ने, सुरू होणाऱ्या अशा उपवाक्यात या दोन्हींपैकी काहीच चालत नाही, तेथे संशयार्थी वर्तमानकाळ, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचे वेगळे रूप, लागतो आणि भविष्यकाळ फक्त मुख्य वाक्यात राहतो: ‘कुआन्दो येगे एल त्रेन, ते यामारे’. ‘पाऊस पडला तर’ या प्रकारच्या अटीत ‘सी’नंतर साधा वर्तमानकाळ येतो: ‘सी युएबे, नो इरेमोस’, म्हणजे ‘पाऊस पडला तर आम्ही जाणार नाही’. मात्र ‘उद्या पाऊस पडेल की नाही, मला माहीत नाही’ या अर्थाने तोच ‘सी’ आला की भविष्यकाळ चालतो: ‘नो से सी योबेरा मान्याना’. कारण येथे अट नाही, शंका आहे.

अनियमित रूपांकडे एक दृष्टी

‘सेर’, ‘एस्तार’, ‘इर’, ‘दार’ आणि ‘बेर’ ही क्रियापदे वर्तमानकाळात छळतात, पण भविष्यकाळात पूर्णपणे नियमित आहेत: सेरे, एस्तारे, इरे, दारे, बेरे. वर्तमानकाळात मधला स्वर बदलणारी ‘पेन्सार’ किंवा ‘दोर्मिर’ यांसारखी क्रियापदेही येथे सरळ वागतात आणि पेन्सारे, दोर्मिरे अशी होतात.

खरी अनियमित मूळ क्रियापदे सुमारे 12 आहेत. त्यांचे प्रत्यय तेच राहतात, फक्त मूळ रूप आखडते किंवा त्यात ‘द’ शिरतो: ‘पोदेर’चे पोद्रे, ‘साबेर’चे साब्रे, ‘आबेर’चे आब्रे, ‘केरेर’चे केर्रे, ‘काबेर’चे काब्रे; ‘तेनेर’चे तेन्द्रे, ‘पोनेर’चे पोन्द्रे, ‘सालिर’चे साल्द्रे, ‘बालेर’चे बाल्द्रे, ‘बेनिर’चे बेन्द्रे; आणि ‘आसेर’चे आरे, ‘देसिर’चे दिरे. यांतील ‘बेन्द्रे’ म्हणजे ‘मी येईन’ आणि नियमित ‘बेन्देरे’ म्हणजे ‘मी विकीन’. आडनावासारखे ऐकू येणारे ते येण्याचे, एवढे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही.

सराव

पुढील वाक्ये आधी उत्तर झाकून स्पॅनिशमध्ये म्हणून पाहावीत, मग रोमन लिपीत आघातचिन्हांसह लिहावीत. ‘आम्ही सोमवारी टॉवेल पाठवू’ याचे उत्तर ‘एन्बियारेमोस लास तोआयास एल लुनेस’ असे आहे. ‘आपण उद्या किती टॉवेल घ्याल?’ हे एका गिऱ्हाइकाला विचारायचे आहे, म्हणून ‘कुआन्तास तोआयास कोम्प्रारा उस्तेद मान्याना?’ असे होईल. ‘आई आता घरी असेल’ हा अंदाज आहे: ‘मी माद्रे एस्तारा एन कासा’. ‘पाऊस पडला तर आम्ही तलावावर जाणार नाही’ म्हणजे ‘सी युएबे, नो इरेमोस आल लागो’. आणि ‘तू मला ती चादर दाखवशील का?’ ही दुकानातली विनंती असल्यामुळे तिच्यात भविष्यकाळ मुळीच येत नाही: ‘मे एन्सेन्यास एसा मान्ता?’